कानोचं लाल कातडं: बाभळीच्या शेंगा, ज्वारीचा रंग आणि हौसा कारागीर

माळरान | ९ जुलै, रात्री ९:४०

परवा माळ्यावरची पेटी उघडली आणि कानोहून आणलेली चामड्याची पिशवी पांढऱ्या बुरशीने भरलेली निघाली. चूक माझीच. पावसाळ्याच्या तोंडावर प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून ठेवली होती. फार हळहळ वाटली. ही पिशवी ज्याने शिवली त्याच्या दुकानात मी दोन दुपार बसलो होतो, आणि तसं कातडं जिथे कमावतात ती जागाही पाहिली होती. ती कशी वाचवायची हे विचारायला धागा काढतोय, पण ती कुठून आली हे सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

२०१५ ते २०१८ मी उत्तर नायजेरियातल्या कानो शहरात एका कारखान्यात मशिनांच्या देखभालीचं काम करत होतो. कानो हे हौसा लोकांचं जुनं व्यापारी शहर. मातीची तटबंदी, तटाला वेशी. तिथला कुर्मी बाजार पंधराव्या शतकात मुहम्मद रुम्फा या राजाने वसवला असं सांगतात. कोफार माता नावाच्या वेशीपाशी निळीने कापड रंगवायचे खड्डे आहेत, आणि कोफार वाम्बाईच्या बाजारात चपला आणि चामडं.

हौसात कातडं कमावणारा तो 'मजेमी', अनेक असले की 'मजेमा'. कमावलेल्या कातड्याच्या वस्तू करणारा 'बादुकू', अनेक असले की 'दुकावा'. धंदे दोन, माणसं वेगळी, वस्त्याही बहुतेक वेगळ्या.

मजेमांच्या आवारात पहिल्यांदा गेलो तेव्हा वासाने दारातच थांबलो. दहा मिनिटांनी नाक सरावलं आणि मग दिसायला लागलं. जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे रांजण, प्रत्येकात वेगळ्या रंगाचं पाणी. पहिल्या रांजणात राख आणि 'कात्सी'. ही कात्सी म्हणजे निळीच्या खड्ड्यांच्या तळाशी बसलेला गाळ. रंगाऱ्यांनी टाकून दिलेला, इकडे केस सुटे करायला कामाला येतो. दोनतीन दिवसांनी कातडं बाहेर काढून तिरप्या ओंडक्यावर पसरतात आणि दोन्ही टोकांना मुठी असलेल्या सुऱ्याने केस खरवडतात. एक म्हातारे मजेमी हे काम करत होते. सुरा स्वतःकडून पलीकडे एका लयीत जायचा आणि केसांचा ओला पुंजका ओंडक्याखाली पडायचा. कातडं उलटं केलं, मांसाची बाजू तशीच साफ केली, मग उजेडासमोर धरून पाहिलं. एका जागी अंगठा फिरवला, मान हलवली आणि परत ओंडक्यावर टाकलं. मला तिथे काहीच दिसलं नव्हतं.

नंतर पक्ष्यांच्या विष्ठेच्या पाण्यात कातडं मऊ करतात. आणि मग खरं कमावणं. त्यासाठी उखळात शेंगा कांडत होते. 'बागारुवा' म्हणाले. मी एक शेंग उचलली. करडी लव, दोन बियांमध्ये आत गेलेली कड. ही तर बाभळीची शेंग! पोटजात वेगळी असेल, झाड तेच. मी चावून बघितली, तोंड आवळलं. लहानपणी शेळ्यांमागे फिरताना चावायचो तीच तुरट चव. पोरं माझ्याकडे बघून हसायला लागली. त्यांना कसं सांगणार की हे झाड आमच्या बांधावर उभं आहे.

शेंगांच्या पाण्यात शेळीचं कातडं काही दिवस मुरतं, मधूनमधून वर-खाली करायचं, शेंगांचा नवा चुरा टाकायचा. मग धुऊन, शेंगदाण्याचं तेल चोळून, ताणून सावलीत वाळवतात. कातडं हवं ते सोकोटोच्या तांबड्या शेळीचं. शेजारच्या नायजर देशात याच शेळीला मारादीची तांबडी शेळी म्हणतात. अंगाने बेताची, कातडं पातळ, घट्ट आणि बारीक कणाचं.

हेच कातडं शतकानुशतकं उंटांच्या पाठीवरून सहारा ओलांडून मोरोक्कोतल्या फेझला, लिबियातल्या त्रिपोलीला जायचं, आणि तिथून युरोपात पोचलं की त्याचं नाव व्हायचं 'मोरोक्को लेदर'. वाचनालयातल्या जुन्या ग्रंथांच्या संदर्भात 'मोरोक्को बांधणी' हा शब्द मी किती वेळा वाचला होता. त्यामागे कानोचा एखादा मजेमी उभा असेल हे कधी मनातही आलं नव्हतं. माल जिथून विकला गेला त्या मुलखाचं नाव राहिलं, ज्याने केला त्याचं गेलं. मला हे फार लागतं.

पिशवीवर लाल रंग आहे, काळ्या पट्ट्या आहेत. खांद्याचा पट्टा एका टोकाला तडकलाय. जाणकारांनी सांगा, काय करू?

---

सई_प | ९ जुलै, रात्री १०:१५

किती सुंदर लिहिलंय. शीर्षकात ज्वारीचा रंग म्हटलंय त्याबद्दल सांगा ना. दाण्याचा रंग की ताटाचा?

---

माळरान | ९ जुलै, रात्री १०:५२

ताटाचा. पानाचा जो भाग ताटाला वेढून असतो, त्या आवरणाचा. ही खास रंगासाठी लावलेली ज्वारी, नाव 'कारान दाफी'. बाजारात तिच्या वाळलेल्या, गडद तांबूस सालपटांच्या जुड्या मिळतात. त्या कुटून पाण्यात घालतात, बरोबर 'कान्वा' म्हणजे सरोवराकाठी मिळणारा खारा क्षार. कान्वा पडला की पाणी एकदम रक्तासारखं लाल होतं. कातडं त्यात थोडाच वेळ खळबळून काढतात.

आपल्याकडे ज्वारीच्या पानांवर तांबडे डाग पडतात ते शेतकऱ्यांनी पाहिले असतील. ज्वारीत हा तांबडा रंग असतोच. त्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवला. काळा रंग लोखंडाचा. लोहाराकडचा कीस आंबवलेल्या पाण्यात ठेवतात, ते पाणी बाभळीने कमावलेल्या कातड्यावर फासलं की जागच्या जागी काळं होतं.

---

शिवणटाके | १० जुलै, सकाळी ८:०५

आधी पिशवीचं बघू. मी पुस्तकबांधणी करते, चामड्याची बुरशी हा माझा दर पावसाळ्यातला शत्रू.

घरात झटकू नका, बुरशीची पूड बाकीच्या सामानावर बसेल. गच्चीत किंवा ओसरीत, नाकाला रुमाल बांधून, मऊ कोरड्या ब्रशने झाडून काढा. ऊन नको, वारा हवा. एक दिवस तशीच सोडा. मग पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घेऊन फडकं भिजवा, करकचून पिळा, आणि आधी तळाच्या कोपऱ्यात पुसून बघा. ज्वारीचा रंग असेल तर पाण्याने उतरणार. फडकं लाल झालं तर तिथेच थांबा, फक्त कोरडं पुसा. खोबरेल लावू नका. सगळे लावतात, आणि दोन महिन्यांनी खवट वास घेऊन येतात. चामड्याचं बिनरंगी क्रीम बोटभर, तेही पूर्ण वाळल्यावर. आत जुनं सुती धोतर कोंबा आणि सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिक पुन्हा नाही.

तडकलेला पट्टा मात्र वाचत नाही. कोरडा पडून तडकलेलं कातडं तेलाने जुळत नाही. तो नवा करून घ्या.

आता माझ्या जिव्हाळ्याचं. आमच्या धंद्यात 'नायजर गोटस्किन' म्हणून एक कातडं सगळ्यांत मानाचं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये हातबांधणीची नवी लाट आली तेव्हापासून चांगले बांधणीकार ते मागत आलेत, कारण यंत्राने घोटून एकसारखं केलेलं नसतं. कण बारीक-मोठा, रंग कुठे दाट कुठे फिका, आणि कडेला रापीने पातळ करताना लोण्यासारखं सुटतं. माझ्याकडे एक तुकडा आहे, हाताच्या पंज्याएवढा, गुरूंनी दिलेला. तुमचं लिखाण वाचून काल रात्री काढून वास घेतला. बाभळीचा वास आहे हे आज कळलं.

---

दोन_नद्या | १० जुलै, दुपारी १:३०

इतिहासाची थोडी भर घालतो.

हौसा मुलखातल्या चर्मकामाचा उल्लेख सोळाव्या शतकातल्या लिओ आफ्रिकानस या प्रवाशाच्या वर्णनात आहे. गोबीर राज्याबद्दल तो लिहितो की तिथले चर्मकार प्राचीन रोमन लोक घालत तशा वहाणा करतात आणि त्यांतल्या बहुतेक टिंबक्टू आणि गाओला जातात. म्हणजे तेव्हाच हा माल शेकडो कोस लांबच्या बाजारासाठी तयार होत होता.

मग १८५१ साली हाइनरिख बार्थ हा जर्मन प्रवासी कानोला पोचला. त्याने कानोच्या व्यापाराचा बारकाईने हिशेब मांडलाय. कापड पहिलं, पण चर्मकाम त्याच्या पाठोपाठ. वहाणा अतिशय सुबक असतात आणि फार दूरवर जातात, असं तो म्हणतो. कमावलेली कातडी आणि ज्वारीच्या रंगात लाल केलेली मेंढीची कातडी त्रिपोलीपर्यंत जात असल्याची नोंद त्याने केली आहे. आणखी एक गोष्ट त्याला नवलाची वाटली. कानोत बसलेले अरब चर्मकार सुदानी कातड्याचे (तेव्हा सहाराच्या दक्षिणेकडच्या सगळ्या पट्ट्याला सुदान म्हणत) जोडे करत आणि ते उत्तर आफ्रिकेला पाठवत. तयार जोडाच तिकडे जात होता. बहुतेक व्यवहार कवड्यांत, आणि त्या कवड्या मूळ मालदीवच्या, हिंदी महासागरातून गेलेल्या.

उंटांचा व्यापार कसा संपला तेही सांगायला हवं. १९०३ मध्ये इंग्रजांनी कानो घेतलं. १९११-१२ च्या सुमारास लागोसहून रेल्वे येऊन पोचली. मालाचं तोंड उत्तरेकडून दक्षिणेकडे फिरलं. सहारा ओलांडण्याऐवजी रेल्वेने बंदरावर. आणि इंग्रज कंपन्यांना कमावलेल्यापेक्षा कच्चं कातडं हवं होतं, कमवायचे कारखाने त्यांच्या घरी होते. मजेमीच्या हातचं काम तिथे निसटायला सुरुवात झाली.

---

खडीसाखर | १० जुलै, दुपारी ३:१०

वाचतेय. फार वेगळा धागा.

---

पश्चिमघाट | १० जुलै, संध्याकाळी ६:४५

लेख आवडला, पण एक मुद्दा नोंदवतो. मोरोक्कोचं स्वतःचं चर्मकाम मोठं आहे. फेझमधल्या कुंडांवर आजही काम चालतं, आणि मी ते तिथे उभं राहून पाहिलं आहे. तिथल्या कारागिरांनी रंगवलेलं, घोटलेलं कातडंही 'मोरोक्को' म्हणूनच विकलं गेलं. पुढे तर युरोपात कमावलेल्या शेळीच्या कातड्यालाही हेच नाव पडलं. तेव्हा 'मोरोक्कोचं नाव राहिलं, करणाऱ्याचं गेलं' हे अर्धं खरं आहे. हौसा कारागिरांना श्रेय देताना फेझच्या कारागिरांचं काढून घेऊ नये.

---

माळरान | १० जुलै, रात्री ९:२०

पश्चिमघाट, तुमचं बरोबर आहे आणि मी ते मानतो. सगळं मोरोक्को लेदर कानोचं नव्हतं. त्यातलं बरंच सहाराच्या दक्षिणेकडून आलं एवढंच मी ठामपणे म्हणू शकतो. दोघांचंही नाव घेतलं जावं.

शिवणटाके, तुमची सूचना आजच अमलात आणली. ब्रश झाला. फडकं कोपऱ्यात लावलं तर गुलाबी झालं, लगेच थांबलो.

---

वाकळ | ११ जुलै, रात्री १२:१०

दोन दिवस हा धागा उघडून बसतोय. लिहावं की नाही ठरत नव्हतं.

आम्ही ढोर समाजातले, कोल्हापूरकडचे. आमचे आजोबा कातडं कमवायचे. तुम्ही लिहिलंत की मजेमा वेगळे आणि दुकावा वेगळे, ते वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडेही तेच. ढोरांनी कमवायचं, चांभारांनी शिवायचं.

आजोबांची पद्धत अशी होती. आधी कळीच्या चुन्याच्या हौदात कातडं टाकायचं. केस काढून, धुऊन झालं की त्याची पिशवी शिवायची. कातड्याचीच मोठी पिशवी, वाखाच्या दोरीने. ती लाकडी तिवईला टांगायची आणि आत बाभळीची साल आणि फोडलेले हिरडे भरून पाणी ओतायचं. पाणी कातड्यातून झिरपत खाली घंगाळात पडायचं, थेंब थेंब. ते घंगाळ भरलं की परत वर ओतायचं. मला लहानपणी हे काम असायचं, झोपेतून उठून रात्री एकदा ओतायचं. दुसऱ्या दिवशी पिशवी उलटी टांगायची म्हणजे तोंडाकडचा भागही मुरतो. तुमच्या हौसांनी शेंगा घेतल्या, आम्ही साल घेतली. आजोबांना हे सांगता आलं असतं तर.

आमचं आवार गावाबाहेर ओढ्याच्या काठी. आजोबांच्या हातांवर सालीचा रंग इतका मुरला होता की मरेपर्यंत गेला नाही. त्या हातांच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतायचे, भांडं लागू द्यायचे नाहीत. ते कातडं पायात घालून देवळात जायच्या पायरीपर्यंत सगळे जायचे, आणि ते कमावणारा माणूस पायरीच्या बाहेर.

म्हणून मला एकच विचारायचं आहे, माळरान. तिथे त्या म्हाताऱ्या मजेमींच्या हातचं पाणी लोक पितात का?

---

माळरान | ११ जुलै, सकाळी ७:३०

वाकळ, तुम्ही लिहिलंत यासाठी मनापासून आभार.

हो, पितात. मी पाहिलं ते सांगतो. दुपारी आवारातच जेवण आलं. एनॅमलच्या परातीत 'तुवो', म्हणजे ज्वारीच्या पिठाचा शिजवून घट्ट केलेला गोळा, वर भेंडीचं पातळ कालवण. ते म्हातारे मजेमी, कातडं घ्यायला आलेला एक बादुकू, आणि शेजारचा कापडाचा व्यापारी, तिघांनी हात धुतले आणि एकाच परातीत जेवले. मलाही बसवलं. नमाजाच्या वेळी तिघं एका ओळीत उभे.

पण तिथे सगळे सारखे आहेत असं लिहिलं तर ते खोटं होईल. धंदा वारशाने येतो, त्याला 'गादो' म्हणतात. मुल्ला, मोठे व्यापारी, दरबारी लोक वरचे मानले जातात, खाटिक आणि ढोलकरी खालचे, कातडं कमावणारेही फार वर नाहीत. सोयरीक करताना लोक धंदा विचारतात. धंद्याला आपला प्रमुख असतो, 'सार्की', म्हणजे शब्दशः राजा. विटाळ मात्र नाही. शिवल्याने बाटणं ही कल्पना मी समजावून सांगायचा प्रयत्न केला तेव्हा त्या बादुकूला ती कळेचना. त्याने दोनदा विचारलं, 'मग ते वहाण कशी घालतात?'

मी काही उत्तर दिलं नाही.

---

सई_प | ११ जुलै, सकाळी ९:००

वाकळ, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. आम्ही दोघी बराच वेळ गप्प होतो. आजोबांबद्दल अजून लिहा, जमेल तेव्हा.

---

तांडा | ११ जुलै, दुपारी १२:२५

मी नायजरमध्ये पाण्याच्या प्रकल्पावर तीन वर्षं काढली. झिंदर, मारादी हा तिथला हौसा पट्टा, आणि उत्तरेला अगादेझकडे तुआरेग, म्हणजे सहारातले उंटपाळ भटके लोक. शेजारच्या लोकांचं काम वेगळं कसं आहे ते लिहितो.

तुआरेगांमध्ये कारागिरांचा वेगळा वर्ग आहे, 'इनादान'. पुरुष लोखंड, चांदी, लाकूड बघतात. चामडं मात्र बायकांचं. अगादेझच्या जुन्या शहरात (२०१३ पासून ते जागतिक वारसा आहे) एका घराच्या ओसरीवर मी एका बाईंना पिशवी करताना पाहिलं. मांडीवर लाकडाची फळी, त्यावर कातडं. त्या पात्याने नुसता वरचा रंगाचा पापुद्रा सोलत होत्या, खालचं फिकं कातडं रेघांनी उघडं पडत होतं. छापा नाही, आखणी नाही. नातीशी बोलत बोलत हात चालू. शेवटी पिशवीच्या खालच्या कडेला लांब झिरमिळ्या. उंट चालला की त्या हलतात, ते मला आधी नुसतं नटवणं वाटलं होतं. मग कळलं, पिशवी खोगिराला लोंबत असते, ती हललेली दिसायलाच हवी.

त्यांचा खास रंग हिरवा, मोरपिसासारखा. लांबूनच कळतं की हे हौसा काम नव्हे, तुआरेग आहे. त्यांचे तंबूसुद्धा शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांचे, बेताच्या तंबूलाही तीस-चाळीस कातडी जोडलेली असतात.

वाकळ यांच्या प्रश्नाला धरून: तिथे मात्र इनादान आपसातच लग्नं करतात. बाकीचे त्यांना थोडे बिचकतात आणि त्यांच्यावाचून एकही लग्न, बारसं पार पडत नाही. निरोप तेच नेतात, मध्यस्थी तेच करतात.

फुलानी गुराख्यांची टोपी कुणी पाहिली आहे का? गवताची विणलेली, टोकदार, शेंड्याला आणि कडेला लाल-काळं कातडं शिवलेलं. गवत ते विणतात, कातडं बहुधा बाजारातल्या चर्मकाराकडून लावून घेतात. एका टोपीत दोन समाज.

---

शिवणटाके | ११ जुलै, दुपारी ४:४०

माळरान, तिथे पुस्तकांसाठी काही करतात का हो?

---

माळरान | ११ जुलै, रात्री ८:५५

हा प्रश्न तुम्ही विचाराल असं वाटलंच होतं. करतात, आणि तुम्हाला ते आवडेल. हौसा मुलखातली जुनी हस्तलिखित कुराणं शिवलेली नसतात. पानं सुटी. ती शेळीच्या कातड्याच्या वेष्टनात गुंडाळायची आणि मग 'गफाका' नावाच्या झाकणाच्या कातडी पिशवीत सरकवायची. पिशवीला लांब पट्टा, मल्लम म्हणजे गुरुजी ती खांद्याला लावून गावोगाव फिरणार. आपल्या पोथ्याही सुट्या पानांच्या, फळ्यांमध्ये धरून रुमालात बांधलेल्या. मला ते बघताच आजीचा पोथीचा रुमाल आठवला.

कातड्याच्या वस्तूंची यादी काढली तर संपणार नाही, पण काहींची नावं देतो कारण त्यांना आपल्याकडे नेमके शब्द आहेत. 'साल्का' म्हणजे पखाल. 'गूगा' म्हणजे विहिरीचा पोहरा, पूर्वी कातड्याचा. 'ताइकी' म्हणजे गाढवाच्या पाठीवर धान्य लादायचं बैलाच्या कातड्याचं पोतं. 'झाबीरा' ही न्हाव्याची धोकटी! 'लाया' म्हणजे ताईत, आत लिहिलेला कागद आणि वरून कातडं शिवलेलं. मुलांच्या गळ्यात, घोड्यांच्या गळ्यातही.

घोड्यांवरून आठवलं. ईदनंतर कानोत शेकडो घोडेस्वारांची मिरवणूक निघते. खोगिराचा सांगाडा लाकडी, वर कातडं, पुढचा-मागचा उंचवटा इतका की स्वार खुर्चीत बसल्यासारखा. लगाम, छातीचा पट्टा, सगळ्यावर लाल-हिरव्या कातड्याच्या पट्ट्या आणि झुपके. २०२४ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. तिचं जगभर माहीत असलेलं नाव 'दरबार', आणि हा आपला, इंग्रजांनी हिंदुस्थानातून उचलून तिकडे नेलेला शब्द. तिथला इंग्रज गव्हर्नर लुगार्ड हा मद्रासेत जन्मलेला. हौसा लोक स्वतः त्याला 'हावान साल्ला' म्हणतात, सणाची स्वारी.

---

सातवाहन | १२ जुलै, सकाळी १०:२०

टॅनरीत केमिस्ट म्हणून तामिळनाडूत वीस वर्षं काढली, म्हणून आजच्या स्थितीबद्दल लिहितो.

कानोत आज कातडं कमावण्याचं मोठं काम मजेमांच्या रांजणात होत नाही, चल्लावा, बोम्पाई, शराडा या औद्योगिक वसाहतींमधल्या कारखान्यांत होतं. क्रोमियमचे क्षार वापरतात. बाभळीला जे काम करायला दिवस लागतात ते क्रोम एका दिवसात करतं. बाहेर येणारं ओलं कातडं फिकट निळं असतं, म्हणून नाव 'वेट ब्लू'. नायजेरियाने कच्च्या आणि अर्धवट कमावलेल्या कातड्याच्या निर्यातीवर बंदी घातली आहे, म्हणजे काम देशात राहावं. हेतू चांगला. पण कारखान्यांच्या सांडपाण्याने चल्लावा नदीच्या पाण्याचं जे झालं आहे ते वाईट आहे. आमच्याकडे पालार नदीचं तेच झालं, मी ते डोळ्यांनी पाहिलं आहे.

'जुनं ते शुद्ध' असं म्हणून मोकळं होता येणार नाही. बाभळीच्या कातड्याला पाणी लागलं की रंग उतरतो, बुरशी धरते (धाग्याची सुरुवातच तिथून आहे). बुटाच्या कारखान्याला हजारो एकसारखी कातडी लागतात, ती रांजणातून येणार नाहीत. पण जिथे हाताचंच काम आहे, पुस्तकबांधणी, पिशव्या, खोगीर, तिथे झाडपाल्याच्या कमावणीला तोड नाही. ती जिवंत ठेवायची तर मजेमीला त्या दर्जाचा भाव मिळायला हवा. कारखान्याच्या कातड्याशी किलोवर तुलना करून भाव ठरवला तर तो धंदा सोडणारच.

अजून एक अडचण तिथली खास आहे. दक्षिण नायजेरियात गाईचं कातडं खातात, 'पोन्मो' म्हणतात. गरिबाचं आवडीचं खाणं. २०२२ मध्ये झारियाच्या सरकारी चर्मसंस्थेच्या प्रमुखांनी त्यावर बंदी घालायची सूचना केली तेव्हा मोठा गदारोळ झाला. कातडं टॅनरीत जावं की ताटात, हा वाद अजून चालूच आहे. मला विचाराल तर लोकांच्या ताटाला हात लावू नये.

---

दोन_नद्या | १२ जुलै, सकाळी ११:०५

भावाबद्दलच्या मुद्द्याला जोडून. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. म्हणून २०२५ मध्ये इटलीतल्या फॅशन शोत तशीच चप्पल नाव न घेता आली तेव्हा निदान बोट ठेवायला कागद होता. कानोच्या लाल कातड्याच्या बाबतीत 'मोरोक्को' हा शब्द रूढ झाला तेव्हा असं काही नव्हतं.

---

वाकळ | १२ जुलै, दुपारी २:३०

कागद असणं चांगलंच. पण मानांकन चपलेला आहे, आणि आमच्या ओढ्याकाठी आता एकही तिवई नाही. चुलत्यांनी १९९० च्या सुमारास कमवणं बंद केलं. कातडं आता बाहेरून तयार येतं. तिथल्या पोरांचं काय, माळरान? शिकतात का?

---

माळरान | १२ जुलै, रात्री ९:१५

थोडी शिकतात. त्या म्हाताऱ्या मजेमींचे दोन मुलगे तीनचाकी रिक्षा चालवतात. तिसरा त्यांच्याबरोबर ओंडक्यावर उभा राहतो. बादुकूच्या दुकानात मात्र चार पोरं होती, सगळ्यात लहान दहा-अकरा वर्षांचा, शाळा सुटली की यायचा. त्याला अजून पातं देत नव्हते. टाकाऊ तुकड्यांच्या वाद्या कापून, त्या पाण्यात भिजवून, दाताने ताणून द्यायच्या, एवढंच काम. दुसऱ्या दुपारी त्याला उस्तादांनी माझ्या पिशवीवरच्या एका टाक्याला हात लावू दिला. झाकणावर 'दागी' आहे, म्हणजे गुंतलेल्या पट्ट्यांची गाठ, जी पुढे उत्तर नायजेरियाची खूण झाली. त्या गाठीच्या डाव्या कोपऱ्यातला टाका थोडा तिरका आहे. तो त्याचा. उस्ताद उसवायला निघाले होते, मी राहू द्या म्हणालो.

आज क्रीम लावलं. बुरशीचे दोन डाग राहिलेत, बाकी रंग परत वर आलाय. पट्टा मात्र शिवणटाके म्हणाल्या तसाच, हातात तुटला.

---

वाकळ | १२ जुलै, रात्री १०:०५

पिशवी पाठवून द्या. चुलते अजून शिवण्याचं काम करतात, आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं थोडं म्हशीचं कातडं घरात जपून ठेवलं आहे, आजोबांच्या हातचं. पट्ट्यापुरतं निघेल. दागीला कुणी हात लावणार नाही.

---

माळरान | १२ जुलै, रात्री १०:२०

आजोबांच्या हातचं कातडं माझ्या पिशवीला?

---

वाकळ | १२ जुलै, रात्री १०:३१

हो. जुना पट्टा फेकू नका, सोबत ठेवा. लांबी आणि भोकांचं अंतर त्यावरूनच घेतील.